बारापर्यंत तवे बंद

नाव विचारलं की सेचानची आई बहिरी व्हायची. दवाखान्यात, पोस्टात, बँकेत, कुठेही खिडकीमागच्या पोरीने "आपलं नाव?" म्हटलं की ही ओळखपत्र पुढे सरकवायची आणि भिंतीवरचं घड्याळ बघत बसायची. अकरा वर्षं झाली, ती माझ्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. खाली माझं तोंडीलावण्यांचं दुकान. या अकरा वर्षांत मीही तिला कधी नावाने हाक मारलेली नाही. मासान बंदराच्या या चढावरच्या गल्लीत पोर झालं की बाईचं नाव संपतं. मी युनबीची आई, समोरची केस कापणारी दोनहोची आई. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हिचं प्रकरण वेगळं होतं. हिला स्वतःच्या नावाची चीडच होती.

नाव मालसुन. चार मुलींच्या पाठीवरची पाचवी. बापाने कचेरीत जाऊन मुद्दाम "शेवटची" अशा अर्थाचं नाव लिहून दिलं, म्हणजे वरच्याला कळावं की आता मुली पुरे. वरच्याला कळलं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, सगळ्या गावाला जेवण घातलं, आणि हिच्या गळ्यात ते नकोशीचं नाव अडकलं ते अडकलंच. शाळेत पोरं म्हणायची, "शेवटची आली, आता रांग संपली." सेचान झाला तेव्हा बाळंतिणीच्या खाटेवर ती पहिल्यांदा हसली म्हणे, कारण आता तिला दुसऱ्या नावाने हाक मारता येणार होती. हे तिनेच मला सांगितलं, दोन पेले तांदळाची दारू पोटात गेल्यावर.

नवरा बोटीवर गेला आणि दुसऱ्याच बंदरात घर करून राहिला. हिने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. रोज नऊशे पोरांचं जेवण, असं सतरा वर्षं. आठवड्यातून तीन दिवस तळण. तेलाच्या धुरात उभं राहून तिचा आवाज घोगरा झाला, मग खोकला लागला, आणि गेल्या डिसेंबरात फुप्फुसाच्या फोटोत सात मिलिमीटरचा डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, सध्या नुसतं लक्ष ठेवू, दर सहा महिन्यांनी फोटो काढू. पण यापुढे तळणाच्या धुरात उभं राहायचं नाही, एक दिवससुद्धा नाही.

छप्पन्न वर्षांच्या बाईला तळण सोडून काय येतं? तिने दुसरं काम शोधायला घेतलं. सरकारी खर्चाने बायकांना शिकवणारा एक वर्ग निघाला होता. सहा महिने शिकायचं, मग थंड हवेच्या खोलीत बसून मोठमोठ्या कंपन्यांच्या मशिनींवर लक्ष ठेवायचं. धूर नाही, तेल नाही. जागा वीस, आणि मागे चौतीस जणी रांगेत. हिचा नंबर लागला तेव्हा मी म्हटलं, "अगं, तुला साधा रिमोट सापडत नाही." ती म्हणाली, "ताई, रिमोट तू पळवतेस."

पहिले दोन आठवडे वर्ग घरूनच होता, आणि पहिली परीक्षाही घरीच. आपल्या कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर बसवायचा आणि त्यात लिनक्स नावाची प्रणाली चालवून दाखवायची. मला काही कळेना. "पातेल्यात पातेलं ठेवून अंडं वाफवतो ना," ती म्हणाली, "तसं. बाहेरचं पातेलं माझं, आतल्यात शिकायचं. आतलं करपलं तरी बाहेरचं शाबूत." चालू मशीनचा फोटो शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शिकवणाऱ्या गू सरांना पोचला पाहिजे. नाही पोचला तर जागा रांगेतल्या पुढच्या बाईला.

आता माझी बाजू सांगते, कारण मी काही साध्वी नाही. तो शुक्रवार छुसोकच्या सणाच्या आधीचा होता. सणाला पितरांपुढे माशाचे, भोपळ्याचे, टोफूचे काप मांडावे लागतात, आणि हल्लीच्या सुना ते माझ्याकडून विकत नेतात. दरवर्षी या आठवड्यात सेचानची आई शाळेतून आली की माझ्या तव्यापाशी उभी राहायची. तिच्यासारखा काप मासानमध्ये कुणाला जमत नाही, कडा करपत नाही आणि आत कच्चा राहत नाही. यंदा मी विचारलं, "तीनच दिवस. मास्क लाव." तिने नाही म्हटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मला राग आला, आणि तो राग मनात धरूनच मी शुक्रवारी सकाळी नऊ वाजता वर गेले. खाली धाकटी जाऊ दोन विजेच्या तव्यांवर एकटी घाम पुसत होती.

सेचानची आई कॉम्प्युटरसमोर पाठ ताठ करून बसली होती. पडद्यावर एक पांढरी चौकट, तिच्यात लाल फुली.

"चालू होत नाही," ती म्हणाली. "काल रात्रीपासून बारा वेळा केलं. हे बघ."

चौकटीत एक लांबलचक ओळ होती आणि तिच्या मधोमध ओळीने प्रश्नचिन्हं.

"ही कसली?"

"ती मी आहे," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. चार वर्षांपूर्वी सेचानने हा कॉम्प्युटर पाठवला. पहिल्यांदा सुरू करताना मशीनने विचारलं, वापरणाऱ्याचं नाव काय? हिने क्षणभरही विचार न करता आपल्या कोरियन लिपीत लिहिलं, सेचानची आई. मशीनने त्या नावाचा एक कप्पा केला आणि पुढे जे काही आलं ते सगळं त्यातच ठेवत गेलं. आता या खोट्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला आपली अक्षरं वाचता येत नव्हती. तो त्या कप्प्याच्या दारापर्यंत यायचा आणि पाटी न वाचता आल्यामुळे तिथेच बसकण मारायचा.

"इंटरनेटवर शेकडो लोक याच दगडाला ठेचाळलेत," ती म्हणाली. "सगळे आपलेच."

"मग नाव बदल."

"तेच केलंय. आता बंद करून पुन्हा सुरू करते."

पुन्हा सुरू होताना मशीनने नवीनच काहीतरी आत घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत होते आणि खाली लिहिलं होतं, कृपया बंद करू नका. तीस टक्के. एकतीस. सेचानची आई मांडीवरचा टॉवेल पिळत होती, जणू ओला होता. मी घड्याळ बघत होते. साडेनऊ. नऊ चाळीस. खालून जावेची हाक आली, "मोठ्या जाऊबाई, पिठाला अंडी संपली!" मी ओरडले, "फ्रिजच्या मागच्या कप्प्यात! डोळे उघडून बघ!" नऊ पन्नासला पडदा उजळला. वर नवीन नाव दिसत होतं. तिने लगेच प्रोग्राम उघडला. तीच चौकट, तीच लाल फुली, तीच प्रश्नचिन्हं.

पाटी बदलली होती, आतला कप्पा जुन्या नावाचाच राहिला होता.

"दहाला सेचानची सुट्टी होते," ती म्हणाली. तो कोजे बेटावर जहाजाच्या कारखान्यात वेल्डर आहे. तिथे सकाळी दहाला दहा मिनिटं सोडतात, एरवी फोनला हात लावता येत नाही. आम्ही दोघी फोन मध्ये ठेवून बसलो. दहाला एक मिनिट असताना तिने नंबर फिरवला. तिसऱ्या घंटेला त्याने उचलला. मागे लोखंड घासल्याचा आवाज येत होता.

"काय झालं? दवाखाना?"

"दवाखाना नाही. कॉम्प्युटर." आणि तिने एका दमात सगळं सांगितलं.

"आई, या वयात हे काय काढलंयस तू? मोठ्या मावशीच्या दुकानात बस ना गल्ल्यावर."

ती मोठी मावशी म्हणजे मी; मी आनंदाने तोंड उघडणार होते. पण त्या आधीच ती म्हणाली, "सेचान, तुझी सात मिनिटं उरलीत. रागावायचंय की काय करू ते सांगायचंय?"

मग तो निमूटपणे सांगू लागला. तो कप्पा दुरुस्त करत बसू नकोस. नवीन खातं उघड, इंग्रजी अक्षरांत. लिनक्सची फाइल त्या जुन्या कप्प्यातून बाहेर काढ, सरळ सी ड्राइव्हवर ठेव. मग नवीन खात्यातून सुरू कर. ती पेन्सिलीने लिहून घेत होती, भाजीची यादी लिहावी तशी, ओळीखाली ओळ.

"नाव काय देऊ?"

"काहीही दे गं. भोंगा झाला, मी जातो."

तिने s, e, c, h, a, n अशी अक्षरं एकेक शोधून दाबली. साडेदहाला ती नवीन खात्यातून आत शिरली आणि खोटा कॉम्प्युटर चालू झाला. पडद्यात एक काळी खिडकी उघडली आणि पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर पळू लागल्या. "ताई!" तिने माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी रुतली. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडंसंच.

लिनक्स आत बसवताना ते प्रश्न विचारत जातं. भाषा कोणती, घड्याळ कुठलं. मग विचारलं, तुमचं नाव? तिने पुन्हा sechan दाबलं आणि पुढे गेली.

माझ्यासमोर बार्लीच्या चहाचा कप होता आणि कपाखाली वर्गाचा छापील कागद. चौथी ओळ मला स्वच्छ दिसत होती. फोटोत मशीनवर वापरणाऱ्याचं नोंदणीतलं नाव दिसलं पाहिजे, दुसऱ्या कुणाचं नाव असल्यास फोटो ग्राह्य धरला जाणार नाही.

मी गप्प बसले. आजही सांगताना लाज वाटते, पण गप्प बसले हे खरं. मनात हिशेब चालला होता: ती हाच फोटो पाठवेल, बारानंतर सर नाही म्हणतील, संध्याकाळपर्यंत ती रडेल, उद्या मी तिची समजूत घालून खाली आणीन. एक्झॉस्टखाली उभी करीन, चांगला मास्क आणून देईन. पन्नास ताटांची मागणी होती. मी कप उचलला नाही, कागदावरच ठेवला.

सहा-सात मिनिटं तशीच गेली असतील. खाली जावेने माशाचे काप टाकले होते, त्याचा धूर जिन्याने वर आला. ती खोकू लागली. आधी हळू, मग कमरेत वाकून. एका हाताने तोंड दाबून आणि दुसऱ्या हाताने माउस धरून, का तर मशीन विचारेल त्याला उत्तर द्यायचं राहू नये. खोकता खोकता ती उठली, खिडकी उघडली, परत येऊन बसली आणि मलाच म्हणाली, "सॉरी ताई."

माझाच धूर, आणि माफी ती मागत होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"थांबव ते," मी म्हटलं आणि कागद कपाखालून ओढला. चहा सांडला. "चौथी ओळ वाच. तुझं नाव लागतं. सेचानचं नाही."

तिने वाचलं. घड्याळ बघितलं. अकराला दोन कमी.

"कोण बघतंय एवढं?"

"गू सर बघतील. आणि मागे चौतीस जणी आहेत, त्या बघतील."

"तुला केव्हा दिसलं हे?"

"मघाशीच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने ते अर्धवट मशीन पुसून टाकलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. भाषा, घड्याळ, मग पुन्हा तो प्रश्न. तुमचं नाव? रिकाम्या जागेत एक बारकी रेघ उघडझाप करत होती. तिची बोटं अक्षरांवर आली आणि थांबली. अख्खं एक मिनिट गेलं. कढईत हात घालणाऱ्या या बाईला सहा अक्षरं दाबवेनात.

"रोज उघडलं की हेच नाव दिसणार," ती म्हणाली. "प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला. सहा महिने. मग नोकरीतही."

"दिसू दे."

"तू आई-बापाची पहिली मुलगी ताई, तुला काय कळणार."

"मला एवढंच कळतं की अकरा वाजून चार मिनिटं झालीत," मी म्हटलं, आणि मग जे अकरा वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. "मालसुन, लिही."

ती दचकली. मी पुन्हा म्हटलं, "मालसुन. मी सांगतेय ना, लिही." तिने लिहिलं. शेवटचं अक्षर दाबून हात असा मागे घेतला की जणू चटका बसला.

पट्टी पुढे सरकू लागली. वीस टक्के, पस्तीस, साठ. अकरा वाजून बारा मिनिटांनी, पट्टी सत्तरवर असताना, खट् आवाज झाला आणि पडदा काळा पडला. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. खालून जाऊ ओरडली, "जाऊबाई, तिसरा तवा लावला आणि खटका पडला!"

वरचं घर आणि खालचं दुकान एकाच खटक्यावर आहे. जुनी वायर बदलायची चार वर्षं मी नुसतं म्हणत आलेय.

मालसुनने मान खाली घातली. "झालं," एवढंच म्हणाली.

मी जिना कशी उतरले आठवत नाही. या गुडघ्यांनी दोन-दोन पायऱ्या घेतल्या असाव्यात. दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं उभी होती. मी तिन्ही तव्यांच्या पिना भिंतीतून उपसल्या आणि खटका वर केला.

"बारापर्यंत तवे बंद," मी म्हटलं.

"बंद?" जाऊ पिठाच्या हातांनी उभी राहिली. "छुसोकला?"

"बारापर्यंत. ज्यांना थांबायचंय त्यांनी बसा, सरबत देते. ज्यांना नाही त्यांनी बाजारात जा, तिथे कालचे काप गरम करून देतात." दोघी निघून गेल्या. जाता जाता एक म्हणाली, म्हातारी बिघडली. मी ऐकलं, आणि चक्क उत्तर दिलं नाही.

वर आले तेव्हा अकरा वीस. मालसुनने पुन्हा सुरू केलं होतं. भाषा, घड्याळ, नाव. या खेपेला नाव लिहिताना ती थांबली नाही, वेळच नव्हता. पट्टी सरकत राहिली. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून खाली कान देत होते, कुणी तव्याला हात लावला तर तिथूनच बूट फेकायच्या तयारीत. अकरा सेहेचाळीसला मशीन स्वतःच बंद होऊन पुन्हा उठलं आणि काळ्या पडद्यावर नाव मागितलं. तिने लिहिलं. मग पासवर्ड.

"कीबोर्ड गेला," ती म्हणाली. आवाज चिरकला होता. "ताई, काहीच उमटत नाहीये."

खरंच, ती अक्षरं दाबत होती आणि पडद्यावर काही म्हणजे काही येत नव्हतं, ठिपकासुद्धा नाही. तिने वायर काढून परत लावली. पुन्हा दाबलं. काही नाही. अकरा पन्नास.

"नाव मघाशी उमटलं ना?"

"हो."

"मग कीबोर्ड कसा जाईल? रश्शात मीठ टाकल्यावर दिसतं का? टाक आणि पुढे चल."

तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं, डोळे मिटून पासवर्ड दाबला आणि एंटर मारलं. चुकला. "मीठ जास्त झालं," मी म्हटलं, "पुन्हा." तिने एकेक अक्षर पुटपुटत दाबलं. एंटर.

दोन-चार ओळी आल्या आणि सगळ्यात खाली डाव्या अंगाला एक रेघ उघडझाप करू लागली. रेघेच्या आधी लिहिलेलं होतं, malsun.

तिने मोबाइलने फोटो काढला. घाईत तो हलला. दुसरा मी काढला, तिचं मनगट धरून. अकरा चोपन्नला पाठवला. मग आम्ही फोनकडे बघत बसलो. बाराला एक मिनिट असताना गू सरांचं उत्तर आलं. त्यांना काय, वीस जणींना एकच वाक्य पाठवत असतील. पण तिने ते मोठ्याने वाचलं, आडनावासकट, घोगऱ्या आवाजात: "प्यो मालसुन, फोटो मिळाला. सणानंतर वर्गात भेटू."

मग ती रडली. मीही रडले. मघाशी गप्प बसल्याबद्दल मी माफी मागितली, तर ती नाक पुसत म्हणाली, "नंतर भांडू ताई. तुझी गिऱ्हाइकं खोळंबलीत."

खाली गेले. पाच जणी सरबत पीत बसल्या होत्या. मी पिना लावल्या, खटक्यापाशी गेले आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "मालसुन! तवे लावू का?"

"थांब!" वरून आवाज आला. "मशीन एकदम बंद करायचं नसतं. आधी त्याला सांगावं लागतं."

थांब. मला. माझ्याच घरात. मी हात खटक्यावर ठेवून उभी राहिले. दोनहोची आई पेला खाली ठेवून म्हणाली, "मालसुन कोण? नवीन भाडेकरू ठेवलीस की काय?"

"नाही," मी म्हटलं. "अकरा वर्षं इथेच राहते."

थोड्या वेळाने वरून हाक आली, "लाव आता!" तवे लावण्याआधी मी जिन्याचं दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीत ओलं फडकं दाबून बसवलं.